छत्तीस चौकटी, बावन्न गावे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून गावे उशिरा झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे थर चढवून केलेली माळवदे यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना मराठवाड्याच्या उन्हापासून राखले होते. त्याच भिंतींनी व त्याच माळवदांनी त्या पहाटे माणसांना पोटात घेतले. भूकंपशास्त्राच्या मापाने हा धक्का सहाच्या थोडा वरचा, म्हणजे जगातील प्रचंड भूकंपांत मोडणारा नव्हता. पण तो जमिनीखाली फार खोल नव्हता आणि वरची घरे अशी जड होती. शासकीय नोंदीत मृतांची संख्या ७,९२८ अशी आढळते, तर अन्यत्र ती ९,७४८ अशी दिली जाते. बावन्न गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. त्या सर्वांच्या दुःखाला एका गावाचे नाव मिळाले, किल्लारी.

या आपत्तीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे तिच्या एका उपेक्षित बाजूविषयी लिहावयाचे आहे. ती आपत्ती ज्या फिल्मच्या रोलांवर टिपली गेली, त्या रोलांचा हिशेब त्या काळी कसा ठेवला जात असे, आणि तो न ठेवल्यास इतिहासातून काय निसटते, हा आमचा विषय आहे. हजारो माणसे गेली तेथे रोलांचा हिशेब तो काय, असे वाचकांस वाटेल. लेखाच्या शेवटापर्यंत त्यांनी आमच्यासोबत यावे, एवढीच विनंती.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी, राजेगाव, एकोंडी ही तेव्हाची गावे जेथे होती तेथे पुन्हा उभी राहिली नाहीत. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात आणि स्वयंसेवी संस्थांच्या पुढाकाराने ती नव्या जागी वसविण्यात आली. नव्या गावांत सरळ रस्ते आले, ओळीने घरे आली. जुन्या गावठाणातील वेस, वळणावळणाची बोळे, वाड्यांचे दरवाजे, पारावरची बैठक हे सारे मागे मातीत राहिले. ज्या भिंतींवर लग्नाचे फोटो टांगलेले होते त्या भिंतीच पडल्या. त्यामुळे अनेक कुटुंबांच्या जुन्या घराचे आज असलेच तर एखादेच चित्र आहे, आणि तेही परक्या माणसाने, घर पडल्यानंतर घेतलेले. ते चित्र कोणत्या गावाचे, कोणत्या गल्लीचे, हे सांगता आले तर तो त्या कुटुंबाचा वारसा आहे. सांगता आले नाही तर तो केवळ दगडांचा ढीग आहे.

तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. १९९३ साली छायाचित्र म्हणजे फिल्म. पस्तीस मिलिमीटर रुंदीची पट्टी एका लहानशा नळकांड्यात गुंडाळलेली असे आणि तीवर बहुधा छत्तीस चित्रे मावत. चित्र घेतल्यावर ते लगेच दिसत नसे. रोल परत गुंडाळायचा, डबीत ठेवायचा आणि डार्करूममध्ये अथवा लॅबमध्ये ‘धुवायला’ द्यायचा. तोवर चित्र फिल्मवर असूनही अदृश्य असे. बाहेरून पाहिले तर तळणीचा रोल आणि सास्तूरचा रोल यांत तिळमात्र फरक नाही. टिपलेला रोल आणि कोरा रोल यांतही फरक करायचा तो फिल्मच्या बाहेर राहिलेल्या टोकावरून. छायाचित्रकार त्या टोकास जीभ म्हणत. जीभ बाहेर असेल तर रोल कोरा आणि आत ओढलेली असेल तर वापरलेला, असा साधा नियम होता. तो पाळला नाही तर वापरलेलाच रोल पुन्हा कॅमेऱ्यात जाई आणि एका गावाच्या ढिगाऱ्यावर दुसऱ्या गावाची माणसे उमटत. मग दोन्ही चित्रे गेली म्हणून समजावे.

एकच कॅमेरा असेल तर एवढी शिस्त पुरे. परंतु अशा प्रसंगी काम करणारा छायाचित्रकार क्वचितच एका कॅमेऱ्यावर विसंबे. दैनिकाच्या छपाईसाठी कृष्णधवल रोल लागे, साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी किंवा देणगीदारांना दाखवावयाच्या स्लाइडसाठी रंगीत पारदर्शिका लागे, आणि साध्या प्रिंटसाठी रंगीत निगेटिव्ह. शिवाय एका कॅमेऱ्यावर दूरचे जवळ आणणारे भिंग, दुसऱ्यावर रुंद दृश्य सामावणारे. कॅमेरा एक आणि रोल तीन जातींचे, असे करावयाचे तर प्रत्येक वेळी अर्धवट रोल काढून पुन्हा घालावा लागे. म्हणून गळ्यात दोन आणि पिशवीत तिसरा असे कॅमेरे घेऊन तो हिंडे. प्रत्येकातील फिल्मचा वेग वेगळा. जुन्या कॅमेऱ्यांत तो वेग चकतीवर हाताने लावावा लागे. १९८३ पासून नळकांड्यावर धातूच्या चौकोनांची सांकेतिक खूण येऊ लागली आणि ती वाचणारे कॅमेरेही हळूहळू आले. पण ती खूण फिल्मचा वेग आणि लांबी सांगे, गावाचे नाव सांगत नसे.

घोटाळ्याचे खरे मूळ आणखी एका गोष्टीत आहे. फिल्मच्या कडेवर कारखान्यातच चौकटींचे आकडे छापलेले असतात. रोल धुतल्यावर ते दिसू लागतात. पण प्रत्येक रोलवर हे आकडे पुन्हा एकपासूनच सुरू होतात. तीन कॅमेऱ्यांत मिळून दहा रोल संपले, तर चौदा क्रमांकाच्या दहा चौकटी झाल्या. लॅबमध्ये धुतल्यावर रोलचे पाच-सहा चौकटींचे तुकडे कापले जातात. ते तुकडे एकदा मिसळले की कडेवरचा आकडा कोणाच्याही साहाय्याला येत नाही. गावात एकाच नावाचे दहा जण असावेत आणि कुणाचेही आडनाव ठाऊक नसावे, तशी ती स्थिती होय.

आता हे सारे किल्लारीच्या परिसरात घडत आहे असे डोळ्यांसमोर आणावे. तेरणेच्या खोऱ्यातील ही गावे एकमेकांपासून काही कोसांवर. जीपने निघालेला माणूस एका दिवसात पाच-सहा गावे पाहू शके. सगळीकडे तेच काळे दगड, तीच पांढरी माती, तेच मोडलेले सर. त्यात पाऊस. ओळख पटविणारी देवळाची कमान किंवा शाळेची पाटी ढिगाऱ्याखाली गेलेली. पाहणारा परगावचा, त्यास गावांची नावे नवी. वृत्तपत्राची छपाईची वेळ गाठायची तर रोल स्वतः घेऊन जाण्यास सवड नाही. तो एस.टी.च्या चालकाकडे, परत जाणाऱ्या मोटारीतल्या अनोळखी माणसाकडे सोपवायचा आणि आपण पुढच्या गावाकडे वळायचे. ज्याने पाहिले तो एकीकडे आणि ज्यावर पाहिलेले उमटले तो रोल दुसरीकडे, अशी ताटातूट पहिल्याच दिवशी होई. त्या दोहोंना जोडणारा धागा एकच. डबीवर लिहिलेला क्रमांक आणि वहीत त्याच क्रमांकासमोर लिहिलेले गाव.

म्हणूनच या व्यवसायातील जाणत्यांनी काही रीती बसविल्या होत्या. त्या साध्या आहेत, पण त्यांमागे अनुभव आहे. प्रत्येक कॅमेऱ्याला एक अक्षर द्यावयाचे: क, ख, ग. रोल कॅमेऱ्यात घालण्यापूर्वीच नळकांड्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घालावयाचा; संपल्यावर घालू असे म्हणावयाचे नाही. मग ‘ख-७’ म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यातला सातवा रोल, हे जन्मभर ठरले. खोक्याचा कापलेला तुकडा कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लहान चौकटीत खोचावयाचा, म्हणजे आत कोणती फिल्म आहे ते उघडल्यावाचून कळते. रोलच्या पहिल्या चौकटीत माणसाचे वा घराचे चित्र न घेता एका कागदाचे घ्यावयाचे. त्यावर तारीख, गाव आणि रोल क्रमांक ठळक लिहिलेला. डबी हरवली, वही भिजली, तरी ही नोंद फिल्मच्याच अंगावर राहते. गाव बदलले की पुन्हा एक कागद, पुन्हा एक चौकट. छत्तीसांतल्या दोन-तीन चौकटी अशा खर्ची पडतात, याचे कंजूष माणसाला दुःख होते; जाणत्याला होत नाही.

काही छायाचित्रकार याही पुढे जात. कॅमेऱ्याच्या आत, फिल्म ज्या चौकटीवर टेकते तिच्या कडेला ते बारीक कानशीने एक खाच पाडीत. एका कॅमेऱ्याला एक खाच, दुसऱ्याला दोन. मग त्या कॅमेऱ्यातून निघणाऱ्या प्रत्येक निगेटिव्हच्या कडेवर ती खूण आपोआप उमटे, आणि तुकडे कितीही मिसळले तरी कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे हे सांगता येई. कुंभार मडक्यावर अंगठ्याची खूण ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. रोल धुतल्यावर सर्व तुकडे एका कागदावर ओळीने मांडून मूळ आकारातच छाप काढला जाई. तो कॉन्टॅक्ट शीट. त्याच्या मागे वहीतील नोंद उतरवली की वही, रोल आणि छाप या तिघांची साक्ष एकमेकांशी जुळे. आपल्याकडे पंचनाम्याला जे महत्त्व आहे तेच या कागदाला आहे. स्थळ, काळ आणि पाहणारा, तिन्हींची नोंद.

या शिस्तीची आवश्यकता फिल्मच्या जन्माबरोबर आली. पूर्वी काचेची प्लेट असे; एक प्लेट, एक चित्र. प्लेटीच्या कोपऱ्यात क्रमांक कोरला की काम झाले. १९१९ साली जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर अमृतसरला गेले आणि भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांची चित्रे त्यांनी घेतली. ती चित्रे आजही साक्षीदारासारखी उभी आहेत, याचे कारण स्थळाविषयी संदेह नाही. ती बाग एक आहे, त्या भिंती ठाऊक आहेत. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि एका पट्टीवर छत्तीस चित्रे मावू लागली, तेव्हा माणूस वेगाने पाहू लागला. पण पाहिलेले विसरूही लागला. चित्रे वाढली की नोंद वाढली पाहिजे, हे सर्वांच्या ध्यानात आले नाही.

ज्यांच्या ध्यानात आले त्यांचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. स्पेनमधील यादवी युद्धाची चित्रे घेणारे रॉबर्ट कापा, गेर्डा टारो आणि ‘चिम’ या नावाने ओळखले जाणारे डेव्हिड सीमोर या तिघांचे सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत पॅरिसहून नाहीसे झाले. ते पुढे मेक्सिकोत एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या वारसांकडे सापडले आणि डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या छायाचित्र संस्थेकडे पोहोचले. तीन पुठ्ठ्याच्या पेट्या होत्या. त्यांतील दोन पेट्यांत मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे लहान लहान खण, प्रत्येक खणात एक गुंडाळी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस तसेच चौकोन आखून त्यांत हाताने लिहिलेल्या नोंदी. गेर्डा टारो ही तरुणी जुलै १९३७ मध्ये रणभूमीवर जखमी होऊन प्राणास मुकली होती. तिची कित्येक चित्रे वर्षानुवर्षे कापाच्या नावावर खपली होती. सत्तर वर्षांनंतर ती तिची तिला परत देता आली, त्यात झाकणावरच्या त्या आकडे-अक्षरांचा मोठा वाटा होता. मृताला न्याय मिळण्यास कधी कधी एवढीशी शाई पुरते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले, आणि अधिक वेदनादायक. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचे चित्र रघू राय यांनी कृष्णधवल फिल्मवर आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत फिल्मवर घेतले. मातीतून वर पाहणारा तो चेहरा जगाने पाहिला. बार्थोलोम्यू यांच्या चित्रास त्या वर्षीचा जागतिक वृत्तछायाचित्राचा सर्वोच्च मान मिळाला. पण ते बालक कोणाचे, त्याचे नाव काय, हे कळले नाही. दोन्ही चित्रे ‘अज्ञात बालक’ याच नावाने ओळखली जातात. येथे छायाचित्रकारांकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतू नाही. प्रेतांच्या राशीत नाव विचारावयाचे कोणाला? सांगणारेच उरले नव्हते. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, चित्र कितीही समर्थ असले तरी ते स्वतः होऊन नाव सांगत नाही. नाव बाहेरून यावे लागते, आणि ते येण्यासाठी वाट मोकळी ठेवावी लागते.

ही वाट म्हणजेच रोलची नोंद. ‘ख-७, चौकट १४, सास्तूर, १ ऑक्टोबर’ एवढे लिहिलेले असेल, तर त्यात घरमालकाचे नाव नाही, ढिगाऱ्याजवळ बसलेल्या वृद्धेचे नाव नाही. पण ते चित्र घेऊन कोणत्या गावात जावे हे त्यात आहे. नव्या सास्तुरात पारावर बसलेल्या चार वडीलधाऱ्यांपुढे तो प्रिंट ठेवला, की त्यांतला एखादा म्हणेल, ही अमक्याच्या वाड्याची पायरी, ही तमक्याची आई. गावच लिहिलेले नसेल तर हा प्रश्न विचारावयाचा कोणाला? बावन्न गावांत एकेक चित्र घेऊन कोण हिंडेल? नोंद हे उत्तर नव्हे. उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याचा तो पत्ता होय. आणि हा पत्ता फार काळ टिकणारा नाही. १९९३ साली जे पन्नाशीत होते ते आता ऐंशी ओलांडून गेले. जुन्या गावठाणातील पायरी ओळखणारे डोळे वर्षागणिक कमी होत आहेत.

अर्धवट नोंदही किती फसवी ठरते, त्याचा एक नमुना पाहावा. या परिसरात होळी नावाचे गाव आहे. एखाद्या पाकिटावर केवळ ‘होळी, १९९३’ एवढेच लिहिले असेल, तर मुंबईत बसून ते चाळणारा माणूस त्यास सणाच्या कप्प्यात टाकील, आणि एका गावाच्या विध्वंसाची साक्ष रंगपंचमीच्या चित्रांत कायमची गडप होईल. मंगरूळ, चिंचोली या नावांची गावे तर महाराष्ट्रात कितीतरी. म्हणून गावाबरोबर तालुका, जिल्हा आणि तारीख लिहावयाची. जमिनीचा सातबारा लिहिताना तलाठी जी काळजी घेतो, ती चित्राच्या बाबतीतही घ्यावयास हवी.

शास्त्रज्ञांनी ती घेतली. भूकंपाचे कारण शोधण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ सहाशे मीटरांहून खोल विंधणछिद्र घेतले आणि दगडाचे लांबट गाभे वर काढले. वरचा काळा बेसाल्ट आणि त्याखालचा प्राचीन खडक. असा गाभा वर आला की तो किती मीटरांवरचा हे तत्क्षणी लिहून पेटीत ओळीने ठेवण्याचा या शास्त्रात नियम आहे. पेटी एकदा उलटली आणि तुकडे मिसळले, तर उरतो तो रस्त्यावर टाकण्याचा खडा. फिल्मचा तुकडा आणि खडकाचा तुकडा, दोघांचेही मोल त्यांच्या जागेवरून ठरते.

आपल्या ख्रिस्तसभेला तर ही शिस्त परकी नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक धर्मग्रामांना घालून दिला, आणि १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्यांचे नमुनेच ठरवून दिले. आज आपल्यापैकी कोणी विवाहासाठी स्नानसंस्काराचा दाखला मागावयास जातो, तेव्हा धर्मगुरू वर्ष पाहून वही काढतात, पान उघडतात, क्रमांकावर बोट ठेवतात. वही, पान, क्रमांक. कॅमेरा, रोल, चौकट. दोहोंची रचना एकच आहे. त्या वहीत श्रीमंत-गरीब असा भेद नाही. जन्मल्यावर काही तासांतच गेलेल्या बालकालाही एक ओळ मिळते. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची नावे लिहून वेदीजवळ ठेवतो, तीही याच श्रद्धेतून. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने ओळखतो, ही शिकवण ज्यांनी ऐकली आहे त्यांना ‘सुमारे आठ हजार’ या शब्दांवर समाधान मानता येत नाही. किल्लारीच्या परिसरात किती तरी देहांना सामुदायिक अग्नी द्यावा लागला. जेथे चितेलाही नाव मिळाले नाही, तेथे निदान चित्राला तरी गाव मिळावे.

एक आक्षेप येथे रास्त आहे. माणसे ढिगाऱ्याखाली कण्हत असताना कॅमेऱ्यांची अक्षरे आणि रोलांचे आकडे लिहीत बसणे हे निष्ठुरपणाचे नव्हे काय? आम्ही म्हणतो, हात ढिगाऱ्याला लागावयाचे असतील तेव्हा कॅमेरा खाली ठेवावाच. जिवंत माणूस कोणत्याही इतिहासाहून मोठा आहे. परंतु ज्याने कॅमेरा उचललाच आहे, ज्याने एखाद्या मातेच्या आक्रोशाच्या क्षणी तिच्याकडे रोखून पाहिले आहे, त्याच्यावर एक ऋण चढलेले असते. चित्र घेऊन गाव न लिहिणे म्हणजे तिच्यापासून काही घेणे आणि कोणाचे घेतले हेही विसरणे. जखमीच्या मनगटाला चिठ्ठी बांधणाऱ्या परिचारिकेला आपण निष्ठुर म्हणत नाही. तिची ती चिठ्ठी करुणेचाच भाग असते. रोलवरचा आकडा त्याच जातीचा आहे.

हे सारे आम्ही आज का लिहितो, हे सांगून लेख आवरतो. लातूर हा औरंगाबाद धर्मप्रांताचा भाग. भूकंपानंतर कारितास इंडियासारख्या संस्थांच्या साहाय्यकार्यात ख्रिस्ती कार्यकर्ते होते, आणि त्या काळी अशा कार्यातील माणसांच्या हाती साधे कॅमेरे असत. साहाय्याचा अहवाल पाठवावयाचा तर चित्रे लागत. एखादा कॅमेरा संस्थेचा, एखादा उसना, एखादा कोणाच्या भाच्याचा. अशा कॅमेऱ्यांतून निघालेले रोल कोणा एकाच्या नावावर नसतात. ते कार्यालयाच्या कपाटात, मठाच्या पेटीत, किंवा निवृत्त कार्यकर्त्याच्या घरी माळ्यावर पडून राहतात. वृत्तपत्रांच्या चित्रांना संग्रहालये भेटतील. या चित्रांना आपल्यावाचून कोणी नाही.

आणि त्यांना अवधी थोडा आहे. फिल्मचा पाया ज्या ॲसिटेटचा असतो तो उष्ण, दमट हवेत कुजतो. पेटी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती कुजण्याची खूण समजावी. रंगीत निगेटिव्हमधील रंग कृष्णधवल चित्रातील चांदीपेक्षा लवकर उडतात. आता संगणकावर उतरवून घेण्याची सोय झाली आहे, ती अवश्य घ्यावी. पण तेथेही जुनाच धोका नव्या वेषात उभा असतो. यंत्र प्रत्येक चित्राला स्वतःचा नवा क्रमांक देते आणि पाकिटावरची जुनी नोंद टाकून दिली जाते.

म्हणून ज्या धर्मग्रामकुटुंबाच्या घरी १९९३ ते पुनर्वसनाच्या अखेरीपर्यंतचे असे रोल वा निगेटिव्ह असतील, त्यांनी घाई करू नये आणि विलंबही करू नये. पाकिटे आहेत त्या क्रमाने ठेवावीत. क्रम हीसुद्धा नोंद आहे. एका पाकिटातील तुकडा दुसऱ्यात घालू नये. पाकिटावरचे, डबीवरचे अक्षर, ते अर्धवट असले तरी, जसेच्या तसे वहीत उतरवावे. फिल्मच्या कडेवरील आकडे जुळवून एका रोलचे तुकडे एकत्र आणावेत. ज्यांनी ती चित्रे घेतली ते हयात असतील तर त्यांच्यापाशी एक दुपार बसावे आणि आठवेल तेवढे गाव, माणूस, दिवस शिसपेन्सिलीने प्रिंटच्या मागे लिहावे; शाईचा डाग पलीकडे उतरतो. संगणकावरील प्रतीच्या नावातही तोच जुना रोल क्रमांक घालावा. आणि मग त्यांतला एखादा प्रिंट घेऊन त्या गावी जावे. नवे किल्लारी, नवे सास्तूर, नवे होळी रस्त्यावरच आहेत. दारात बसलेल्या एखाद्या आजीच्या हाती ते चित्र द्यावे आणि आपण काही न बोलता थांबावे.